चौकोनांत न मावणारी जोखीम

इस्लापूरच्या शिवारात बोअर मारला की पाणी वर आणायला मोटार सोडावी लागते. तेलाच्या किंवा वायूच्या विहिरीत सारा खटाटोप उलटा असतो, आत कोंडलेलं उसळून वर येऊ नये यासाठी. 2000 मीटर खोलीवर नुसत्या पाण्याच्या स्तंभाचा दाबही हवेच्या दाबाच्या सुमारे 200 पट भरतो. तेलवायूच्या थरात तो याहून जास्त असू शकतो. खोदताना त्याला पहिल्यांदा अडवतं ते ड्रिलिंग मड, म्हणजे मुद्दाम जड केलेल्या चिखलपाण्याचं वजन. ते कमी पडलं तर विहिरीच्या तोंडावरची ब्लोआउट प्रिव्हेंटर ही मोठी झडप बंद करतात, आणि बाजूंनी पोलादी केसिंग व त्यामागचं सिमेंट असतं. खरी सुरक्षितता या अडसरांत आहे. जोखमींची क्रमवारी मात्र बहुतेक ठिकाणी एका तक्त्यावरून लागते: घटनेची शक्यता किती, परिणाम किती, आणि दोन्ही मिळून चौकोन हिरवा, पिवळा की लाल. तक्ता उपयोगी आहे, पण तो प्रत्येक धोका सुटा मोजतो. मोठे अपघात सुट्या धोक्यांतून क्वचितच होतात.

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात 27 जुलै 2005 रोजी असेच छोटे धोके एकत्र आले. मुंबई जलमय झाल्याचा तो दुसरा दिवस. 'समुद्र सुरक्षा' जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांची टोकं कापली गेली होती. पावसाळी हवेत हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला क्रेनने उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. वाऱ्याच्या आडोशाकडची क्रेन नादुरुस्त, त्यामुळे जहाज वाऱ्याच्या तोंडच्या बाजूने गेलं; त्याच्या एका थ्रस्टरमध्ये, म्हणजे जहाज जागेवर धरणाऱ्या पंख्यातही बिघाड होता. जखमी माणूस वर पोहोचला, पण मागे फिरणारं जहाज लाटांनी प्लॅटफॉर्मकडे ढकललं गेलं आणि राइजरवर, म्हणजे समुद्रतळाकडून वर चढणाऱ्या वायूच्या उभ्या नळावर आदळलं. वायूने पेट घेतला, दोनेक तासांत प्लॅटफॉर्म कोसळला, 22 माणसं गेली. नादुरुस्त क्रेन, कापलेली बोटं, खवळलेला समुद्र: एकेकटं पाहिलं तर यातलं काहीही तक्त्याच्या लाल चौकोनात बसलं नसतं.

यावर अभियंते विचारतील, अशा जुळण्या असंख्य. त्या सगळ्या मोजायच्या कशा? मोजू नयेतच. कारणं अगणित असली तरी वायू आणि माणूस यांच्यामधले अडसर मोजके असतात. क्रमवारी त्यांची लावावी: आज कोणता अडसर नादुरुस्त आहे आणि तो गेला तर मागे दुसरा उरतो का? त्या दिवशी राइजर आणि जहाज यांच्यात उरलं होतं ते फक्त सुकाणूवरचं कौशल्य.

आमच्याकडे दुखापती कमी, म्हणजे काम सुरक्षित, असा दावाही होतो. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात स्फोट झालेल्या 'डीपवॉटर होरायझन' रिगने कामबंद पाडणाऱ्या दुखापतीशिवाय सात वर्षं काढली होती. त्याच दिवशी सिमेंट दाब धरतंय की नाही याच्या चाचणीचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि 11 जण दगावले. घसरून पडलेल्यांची संख्या सिमेंटबद्दल काहीच सांगत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. रोज अडसर तपासायचे तर काम थांबतं, उत्पादन घटतं. पण मुंबई हायच्या त्या प्लॅटफॉर्मवर क्रेन दुरुस्त होईपर्यंत जहाजांनी राइजरच्या बाजूने जवळ यायचं नाही, एवढा एक नियम पाळायला उत्पादन थांबवावं लागलं नसतं.