कॉन्टेसा ते बीएस-६ : इंजिनाचा श्वास मोकळा करण्याची चार दशके

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे सोडता येते. हवा मात्र पिस्टन एका फेरीत ओढेल तेवढीच मिळते. म्हणून गाडीची ताकद वाढवू पाहणाऱ्याचा हात आधी दोन वाटांकडे जातो. हवा आत येते ती फिल्टर, कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डची वाट, आणि जळालेला वायू बाहेर पडतो ती बेंड पाइप आणि सायलेन्सरची वाट.

नागपुरात या हिशेबात ऊनही धरावे लागते. पारा ४५ अंशांवर असताना हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण साडेनऊ टक्के विरळ असते, आणि बॉनेटखाली ती आणखी तापते. उत्तर नागपुरातला जरीपटका ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेली व्यापारी वस्ती. मे महिन्याच्या दुपारी इथून कामठी रोडला लागलेली जुनी गाडी ‘ओढत नाही’, अशी तक्रार आली की मिस्त्रीने कार्ब्युरेटरइतकेच या विरळ हवेकडेही पाहायला हवे. फिल्टरचे तोंड इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, समोरच्या जाळीपाशी नेण्याचा साधा उपाय विदर्भात थंड प्रदेशापेक्षा जास्त फळ देतो. फक्त तिथे धूळही जास्त येते. फिल्टर वेळेवर साफ झाला नाही तर मिळालेले सगळे परत जाते.

अमेरिकेत या कामाला मोटार कंपन्यांनीच प्रतिष्ठा दिली. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओच्या ६.४ लिटर व्ही-८ इंजिनाची नोंद चार नळ्यांच्या एका कार्ब्युरेटरवर ३२५ अश्वशक्ती होती; दोन-दोन नळ्यांचे तीन कार्ब्युरेटर बसवले की ३४८. फरक मुख्यतः हवेच्या वाटेचा होता. एवढ्या मोठ्या इंजिनाला वाट मोकळी करून देण्यात खरेच अर्थ असतो, कारण आत मागणी प्रचंड असते.

भारतात १९८४ साली हिंदुस्तान मोटर्सने व्हॉक्सहॉलच्या साच्यावर कॉन्टेसा आणली. लांब बॉनेट आणि रुंद बांधा यांमुळे शौकीन आजही तिला देशी मसल कार म्हणतात. बॉनेटखाली मात्र अँबेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन होते, जेमतेम ५० अश्वशक्तीचे. त्याची मुळे १९४० च्या दशकातल्या ब्रिटिश आराखड्यात होती. व्हॉल्व्ह लहान, हेडमधल्या वाटा अरुंद. त्यामुळे बाहेरून मोठा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला तरी हवा पुढे हेडमध्येच अडायची. या गाडीला खरा जोर आला तो इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर मिळाल्यावर, म्हणजे इंजिनच बदलल्यावर. २००२ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाटांचे शास्त्र मराठी मुलुखातल्या गॅरेजांना खऱ्या अर्थाने शिकवले ते दुचाकींनी. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत’ नावाने आणली. मूळ गाडी ३९ अश्वशक्तीची; भारतात ती आधी ३०.५ आणि पुढे २७ अश्वशक्तीवर उतरवली गेली, मायलेज वाढावे म्हणून. त्यासाठी एक्झॉस्टची वाट आखडती घेतली होती. जे कारखान्याने आखडले ते मिस्त्री कानस घेऊन उघडू लागले. १९८५ मध्ये ९८ सीसीची, ११ अश्वशक्तीची आणि शंभर किलोच्या आसपास वजनाची आरएक्स १०० आली आणि हे काम गल्लोगल्ली पोहोचले.

टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो, हे इथे नीट समजून घ्यावे लागते. या इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोके पिस्टन उघडतो आणि झाकतो. ताजे मिश्रण आत शिरते तेव्हा बाहेरची वाट अजून उघडीच असते, म्हणून थोडे मिश्रण न जळताच निसटते. पाइप आधी रुंद आणि पुढे निमुळता ठेवला तर त्या निमुळत्या भागावरून दाबाची लाट उलट फिरते आणि निसटलेले मिश्रण भोक झाकले जाण्याआधी परत आत ढकलते. हे तंत्र १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन यांनी नेमके बसवले; १९६१ मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला निघून गेला आणि ते ज्ञान सुझुकीकडे पोहोचले. लाट वेळेवर परतण्यासाठी पाइपची लांबी ठराविकच हवी. पाइप आखूड केला की ताकद वरच्या फेऱ्यांना सरकते आणि खालचा पिकअप जातो. मोकळ्या रस्त्यावर अशी गाडी सुसाट पळते, नागपुरातल्या इंदोरा चौकातल्या गर्दीत मात्र क्लच धरून रडते. सायलेन्सरच्या आतली जाळी काढून फेकली तर आवाज वाढतो. लाटेचे गणित मात्र त्याने सुधारत नाही.

हवा वाढली की पेट्रोलही वाढवावे लागते, म्हणजे कार्ब्युरेटरचा मेन जेट मोठा करावा लागतो. हे न करता नुसता उघडा फिल्टर लावला तर मिश्रण पातळ होते, ज्योत जास्त तापते आणि उन्हाळ्यात लांब पल्ल्यावर पिस्टन सीझ होतो. प्लग काढून त्याचा रंग पाहणे ही या काळातली प्रयोगशाळा होती: पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, काजळलेला म्हणजे जास्त, तपकिरी म्हणजे ठीक. प्लगवरून इंजिन वाचणाऱ्या अशा मिस्त्रींना अभियंतेच म्हटले पाहिजे. कागदावर पदवी नसल्याने त्यांची नोंद कुठे झाली नाही, ही खंत आहे.

प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली. २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेला. त्याच सुमारास मारुती एस्टीमने एक धडा दिला. १२९८ सीसीच्या आधीच्या इंजिनाला ६५ अश्वशक्ती होती. १९९९ मध्ये तेवढ्याच सीसीत सोळा व्हॉल्व्ह आणि इंधन इंजेक्शन आल्यावर ८५ झाली. सिलिंडर तेवढाच, वाटा दुप्पट. बाजारातला मोकळा सायलेन्सर आणि फिल्टर साध्या इंजिनाला बहुधा पाचेक टक्क्यांपलीकडे नेत नाही, हे या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे.

बुलेटच्या सायलेन्सरांची कथा वेगळी आणि थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ‘पंजाबी’, ‘इंदोरी’ अशा नावांनी विकले जाणारे पाइप ताकदीसाठी नव्हेच, आवाजासाठी घेतले गेले. फटाक्यासारखा आवाज म्हणजे न जळलेले पेट्रोल तापलेल्या पाइपात पेटणे, सरळ वाया जाणे. दवाखान्यातले रुग्ण, अभ्यासाला बसलेली मुले आणि म्हातारी माणसे यांना त्याचा जो त्रास होतो त्याचे समर्थन करता येत नाही. कारखान्यातून निघताना मोटारसायकलला क्षमतेनुसार ७५ ते ८० डेसिबलची मर्यादा असते. नागपूर, पुणे यांसह अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले.

कायदाही पुढे स्पष्ट झाला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले. आता दुचाकीतही इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर आणि उत्प्रेरक असतो. सेन्सर मिश्रण १४.७ च्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे पाइप बदलला तरी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सामान्य वेगात जुन्याच प्रमाणावर येतो. फरक पडतो तो पूर्ण थ्रॉटलला, तोही ईसीयूतला इंधनाचा नकाशा नव्याने लिहिला तर. कानस आणि जेटची जागा लॅपटॉप आणि ताकद मोजणाऱ्या डायनोने घेतली.

जुन्या यंत्रांपुढे मात्र नवा हिशेब आला आहे. २०२५ पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र पोहोचले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने या मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा पट हवा पुरते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ पडते. म्हणून जतन केलेल्या आरएक्स १०० किंवा आरडीत, सायलेन्सर मूळचा असला तरी, मेन जेट एखादे माप वर घ्यावा लागतो, रबरी नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारे घालावे लागतात आणि काही किलोमीटर चालवून प्लगचा रंग पुन्हा पाहावा लागतो.