दमसास आणि ताकद : भरतीच्या तयारीची दोन अंगे

पहाटेच्या सुमारास राज्यातील अनेक तालुक्यांच्या रस्त्यांवर धावणाऱ्या तरुण-तरुणींचे लहान-मोठे गट दृष्टीस पडतात. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की त्यांची संख्या वाढते. यांतील अनेकांची तयारी म्हणजे केवळ धावणे. तेही दररोज आणि शक्य तितक्या वेगाने. ही जिद्द वाखाणण्याजोगी खरी. परंतु अशा एकांगी तयारीमुळे नडग्या व गुडघे दुखावण्याचा संभव असतो आणि महिनोन् महिन्यांचे कष्ट ऐन चाचणीच्या तोंडावर वाया जाऊ शकतात.

मुळात ही चाचणीच एकांगी नाही. पोलीस शिपाई पदाची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. पुरुष उमेदवारांसाठी १६०० मीटर धावण्यास २०, १०० मीटर धावण्यास १५ आणि गोळाफेकीस १५ गुण असतात. महिलांसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर अंतर असते. गोळ्याचे वजन पुरुषांसाठी ७.२६० किलोग्रॅम, तर महिलांसाठी ४ किलोग्रॅम असते. म्हणजेच ५० पैकी २० गुण प्रामुख्याने दमसासाचे आणि उरलेले ३० गुण वेगाचे व ताकदीचे होत. केवळ लांब पल्ला धावणारा उमेदवार या ३० गुणांची तयारी अपुरी ठेवतो.

दोन व्यायाम, दोन परिणाम

धावणे, भरभर चालणे, सायकल चालविणे अशा दमसासाच्या व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते व प्राणवायूचा उपयोग अधिक कार्यक्षमतेने होतो. जोर, बैठका, वजन उचलणे अशा बलवर्धक व्यायामाचे कार्य वेगळे आहे. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिक्षणामुळे येते; अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामास लावण्याची कला शरीर आत्मसात करते. स्नायूंची जाडी त्यानंतर हळूहळू वाढते. हाडे व स्नायुबंध यांना भक्कम होण्यास त्याहूनही अधिक काळ लागतो. दम लवकर वाढतो. नडगीचे हाड मात्र तितक्या लवकर तयार होत नाही. नवशिक्यांच्या अनेक दुखापतींचे मूळ या तफावतीत आहे. पाय व कंबर बळकट असल्यास धावण्याचा प्रत्येक आघात सोसणे सोपे जाते आणि त्याच वेगासाठी श्रमही कमी पडतात.

धावण्याने ताकद घटते काय?

हा प्रश्न तालमीत नेहमी विचारला जातो. १९८० मध्ये अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी त्याचा शास्त्रीय शोध घेतला. दहा आठवड्यांच्या प्रयोगात एका गटाने केवळ बलवर्धक व्यायाम केला, दुसऱ्याने केवळ दमसासाचा, तर तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाचा दमसास उत्तम वाढला. ताकद मात्र सुमारे सात आठवडे वाढून पुढे खुंटली आणि अखेरीस काहीशी घटली. तथापि हा गट आठवड्यातून पाच दिवस वजने उचलत होता व सहा दिवस दमसासाचे कठोर श्रम करीत होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. दोष जोडीचा नसून अतिश्रमाचा होता, असेच पुढील संशोधनावरून दिसते. नंतरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंची वाढ अथवा कमाल ताकद यांना बाध येत नाही. केवळ झटक्याने लावावयाच्या जोरावर थोडा परिणाम होऊ शकतो व तोही विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत केल्यास, असा त्याचा निष्कर्ष आहे. गोळाफेक व १०० मीटर धाव यांना असाच झटक्याचा जोर लागतो. म्हणून दोन्ही व्यायामांचे दिवस वेगळे ठेवणे श्रेयस्कर. ते शक्य नसेल, तर ताकदीचा व्यायाम आधी करावा व धावणे काही तासांच्या अंतराने ठेवावे.

आठवड्याची आखणी

नवशिक्या उमेदवारासाठी साधी आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. सोमवार व गुरुवार बलवर्धक व्यायाम. मंगळवारी हलकी धाव. शुक्रवारी वेगाची धाव. रविवारी सावकाश पण लांब धाव. बुधवार व शनिवार विश्रांती अथवा साधे चालणे. हलकी धाव म्हणजे सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाची धाव. प्रारंभी पाच मिनिटे धावणे व दोन मिनिटे चालणे असा क्रम ठेवण्यास हरकत नाही. शुक्रवारी अंगात ऊब आणून मगच थोड्या अंतराच्या वेगवान धावा घ्याव्यात व दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी. गोळाफेकीच्या तंत्राचा सरावही शरीर ताजे असतानाच करावा.

बलवर्धक व्यायामासाठी महागडी साधने लागत नाहीत. बैठका, जोर, टाचा उचलणे, वाळूची पिशवी दोन्ही हातांनी डोक्यावर नेणे, कमरेत वाकून तीच पिशवी पोटाकडे ओढणे आणि कोपरांवर शरीर फळीसारखे ताठ धरणे, हे सहा प्रकार पुरेसे आहेत. ज्यांना जमिनीवर जोर जमत नाहीत त्यांनी ओट्याच्या कडेवर हात टेकून प्रारंभ करावा. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा करावा व अशी दोन आवर्तने घ्यावीत. शरीर ताठ धरण्याचा प्रकार मात्र वीस-तीस सेकंदांपासून सुरू करावा. आणखी दोन वेळा करता आले असते, अशा टप्प्यावर थांबावे. बारा वेळा सहज जमू लागले की पिशवीत थोडी वाळू वाढवावी. व्यायाम एकदम वाढविण्याचा मोह टाळणे, हाच या आखणीचा गाभा होय.

आहार आणि आरोग्य

व्यायामाने झालेली झीज आहार व झोप यांनीच भरून निघते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दररोज शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनासाठी सुमारे ५० ग्रॅम. नियमित कठोर व्यायाम करणाऱ्यास ती काहीशी अधिक लागतात. डाळ-भाकरी, उसळी, शेंगदाणे, दूध व अंडी यांतून ही गरज भागू शकते. ताकदीची म्हणून विकली जाणारी इंजेक्शने व अनोळखी भुकट्या यांपासून तरुणांनी कटाक्षाने दूर राहावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तातील लोह कमी असेल, तर कितीही सराव केला तरी दम टिकत नाही. म्हणून तयारीच्या प्रारंभीच प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, भोवळ येणे अथवा नडगीच्या एकाच जागी सतत वेदना होणे ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

गावाचे सहकार्य

या कामी ग्रामपंचायती व शाळा यांना मोठा वाटा उचलता येईल. शाळेच्या मैदानावर २०० मीटरची फेरी आखली, तर आठ फेऱ्यांत १६०० व चार फेऱ्यांत ८०० मीटर पूर्ण होतात. १०० मीटरची सरळ पट्टी व गोळाफेकीचे वर्तुळ आखण्यास चुन्याखेरीज फारसा खर्च नाही. पहाटे मैदानावर दिवा असला आणि एखादे शिक्षक अथवा शिक्षिका उपस्थित असल्या, तर वाहनांच्या रस्त्यावर अंधारात धावण्याची पाळी मुलींवर येणार नाही.

भरतीत प्रत्येकाचीच निवड होत नाही. परंतु कमावलेले शरीर निकालाबरोबर परत करावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सर्वच प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस बलवर्धक व्यायाम यांची शिफारस केली आहे. भरतीच्या निमित्ताने अंगी बाणलेली ही जोडी तरुणांनी पुढेही टिकविली, आणि मैदान आखून देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही तिचा अंगीकार केला, तर त्या मैदानाचा लाभ साऱ्या गावाला होईल.