चार बिटांची मर्यादा आणि पुरवणी

पुण्यातील सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर योजिले होते.

या प्रक्रियकाची मूळ आज्ञा एकाच बाइटची असून, तिचे वरचे चार बिट क्रिया सांगत आणि खालचे चार मूल्य. साहजिकच शून्य ते पंधरा एवढ्याच संख्या तीत थेट मावत. याहून मोठ्या संख्येसाठी, कचेरीतील अर्जास पुरवणी जोडावी तद्वत, ‘प्रीफिक्स’ ही पूर्वाज्ञा आधी द्यावी लागे. ऋण संख्यांसाठी निराळी पूर्वाज्ञा असे.

परिणामी १५ ही संख्या भरण्यास एक बाइट, १६ किंवा उणे १ यांस दोन, तर २५६ ला तीन बाइट लागत.