एका रामाच्या गावातली दोन गाणी

सगळ्यात आवडतं गाणं कोणतं, असं कुणी विचारलं की मी पंडित द. वि. पलुस्करांनी गायलेलं तुलसीदासांचं भजन सांगतो. दुडुदुडु चालणाऱ्या बाळरामाचं. पलुस्कर आवाज चढवत नाहीत, भाव ओतून दाखवत नाहीत. तरी डोळे भरतात.

पलुस्करांचा जन्म नाशिकचा, 28 मे 1921चा. वडील विष्णू दिगंबर यांनी 1901मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे नाशिकला रामनाम आधार आश्रम. 1931मध्ये ते गेले, तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला तयार केलं. 1952च्या ‘बैजू बावरा’त तो उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर गायला आणि 1955च्या ऑक्टोबरात, चौतिसाव्या वर्षी, गेलासुद्धा. हे कळल्यापासून ते भजन मला जास्तच लागतं. सूर तेच आहेत, पण ऐकणारा पूर्वीचा राहिलेला नाही.

मनातलं असं अंगावर उमटणं जुनंच आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात त्याचे आठ सात्त्विक भाव सांगितले. त्यांत रोमांच, अश्रू आणि आवाज गदगदणं आहे. 2011मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी आवडतं संगीत ऐकणाऱ्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. अंगावर काटा येतो त्या क्षणी तर मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतंच. पण ‘ती’ जागा येण्याआधी, तिची वाट पाहतानाही ते स्रवतं, असं त्यांना आढळलं. बैठकीतला रसिक समेच्या आधीच मान हलवू लागतो, ते उगाच नव्हे.

मात्र अशी वाट पाहायला गाणं आधी आपल्या जगण्यात उतरलेलं असावं लागतं. आणि जगणं सगळ्यांचं सारखं नसतं.

2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या पंचवटीत, काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून, सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या मागे हजारो माणसं होती, आणि दार बंद होतं. दहाच दिवसांनी गांधीजींची दांडीयात्रा निघाली. तिच्यात विष्णू दिगंबरांच्या चालीतली रामधून गायली गेली. एकच राम, एकच महिना. ज्यांच्या तोंडावर दार लागलं, त्यांच्या काळजात रामाचं भजन माझ्यासारखं कसं उतरावं?

त्यांचं गाणं वामनदादा कर्डकांनी लिहिलं. जन्म 1922चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. पोटासाठी मुंबईला गेलेला हा माणूस अक्षरं शिकला तो मोठेपणी, आणि मग हजारो गाणी लिहीत, गात गावोगाव हिंडला. भीमजयंतीला ढोलकी-पेटीवर गायन पार्टी त्यांचं गाणं उचलते, कोरस साथ धरतो, तेव्हा बायाबापड्यांच्या डोळ्यांतही पाणी येतं. पण त्या पाण्यात ताठ मान असते. त्यांची काही गाणी तर बाबासाहेबांच्या अनुयायांनाच जाब विचारतात. स्वतःच्या माणसांना इतकं प्रेमानं टोचणारं गीत मराठीत विरळाच. वामनदादा 2004मध्ये नाशिकलाच गेले.

माझ्या मते, नाशिकनं मराठी कानांना दिलेले हे दोन सर्वांत मोठे आवाज. एकाच्या घरात दुसरा क्वचितच वाजतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एवढंच मागणं : या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन ज्यांच्याकडे जाल, त्यांना त्यांचं आवडतं गाणं विचारा, आणि ते त्यांच्या शेजारी बसून पुरतं ऐका.