रुमालाखालचा सौदा

उघड्या सौद्याचे महत्त्व वऱ्हाडच्या व्यापाऱ्यास कोणी नव्याने शिकवावे, अशी स्थिती नाही. कारंज्यास १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडकरिता कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. विलायतेतील गिरण्यांस चोख कापूस मिळावा, हा सरकारचा स्वार्थ त्यात होताच; तथापि ठरलेली जागा, परवानेदार दलाल, परवानेदार मापारी आणि व्यवहारावर देखरेख करणारी समिती, ही शिस्त त्यातून ह्या प्रांतास लागली. पुढे १९२८ साली शाही शेतकी आयोगाने इतर प्रांतांस असे बाजार स्थापण्याची शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचाच कित्ता त्यांच्यापुढे ठेवला. देशातील कित्येक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची चाल होती. ती वाईट का, हे अमरावती-अकोल्याच्या अडत्यांस पुरते ठाऊक आहे: ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नाही.

आमचा प्रश्न एवढाच की, गाडीभर कापसाकरिता आम्हांस जी शिस्त हवी, ती राज्यकारभार सोपवताना का नको? निवडणुकीत पैसा कोण देतो, किती देतो आणि कशाच्या आशेने देतो, हा सौदा अद्याप रुमालाखालीच चालला आहे. आणि येथे माल मतदाराचा आहे.

फार दूरचे उदाहरण नको. फेब्रुवारी २०१२ मध्ये महानगरपालिकेचे मतदान तोंडावर आले असता अमरावतीत पोलिसांनी एका मोटारीतून एक कोटी रुपयांची रोकड ताब्यात घेतली. ही रक्कम उमेदवारांकरिता पाठवलेला पक्षाचा निधी आहे, असा खुलासा काँग्रेस पक्षाकडून झाला. तो खुलासा खरा धरूनच आम्ही विचारतो: एका शहराच्या निवडणुकीकरिता एक कोटी रुपये रोख, मोटारीतून, कोणत्या दात्यांच्या खिशातून आले, हे त्या शहराच्या करदात्यास कळण्याची सोय कोठे होती? गोष्ट एका पक्षाची नाही. त्या दिवशी एक मोटार अडवली गेली, एवढेच.

कायदा नाही असे नव्हे. पण त्याची कुंपणे मोठ्या युक्तीने घातलेली आहेत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने उमेदवाराच्या खर्चास मर्यादा घातली. २०२२ पासून महाराष्ट्रात ती लोकसभेस ९५ लाख व विधानसभेस ४० लाख रुपये आहे. अमरावती लोकसभा मतदारसंघात २०२४ साली सुमारे १८ लाख मतदार होते. म्हणजे मतदारामागे सव्वापाच रुपयांच्या आसपास खर्च करून उमेदवाराने निवडून यावे, असे कायदा म्हणतो. ज्यांनी त्या उन्हाळ्यातील सभा, मोटारींच्या रांगा व फलक पाहिले, त्यांनी हा हिशेब आपल्या मनाशी ताडून पाहावा.

मग बाकीचा खर्च जातो कोठे? तो पक्षाच्या नावावर जातो, आणि पक्षाच्या खर्चास मर्यादाच नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात निर्णय दिला की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्याकरिता केलेला खर्चही त्याच्या हिशेबात धरावा. हा निर्णय सचोटीचा होता. म्हणूनच तो टिकला नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून पक्षाचा व मित्रांचा खर्च हिशेबाबाहेर काढण्यात आला. पुढील काळात त्या वाटेस काही अटी लागल्या, पण मुख्य फट कायम आहे. घराच्या पुढच्या दारास कुलूप लावावे आणि मागची भिंतच काढून टाकावी, त्यातला हा प्रकार होय.

धोक्याची सूचना वेळीच मिळाली नव्हती असेही नाही. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांस देणग्या देण्याची मुभा आपल्या घटनेत घालून घ्यावयाचे ठरवले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने कायद्याप्रमाणे तशी परवानगी दिली. पण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याच निकालात बजावले की, हा धोका वाढत जाऊन एके दिवशी लोकशाहीचाच गळा घोटील. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांस बंदी झाली. १९८५ साली ती उठली. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा घातली. २०१७ साली तीही काढली गेली. २०१८ साली निवडणूक रोख्यांची योजना अंमलात आली, आणि रुमालाखालच्या सौद्यास सरकारी शिक्कामोर्तब झाले. दाता कोण, हे बँकेस माहीत. मतदारास मात्र नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना, आणि कंपन्यांवरील मर्यादा उठवणारी दुरुस्तीही, घटनाबाह्य ठरवली. तोवर १६ हजार ५०० कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते. पुढच्या महिन्यात याद्या प्रसिद्ध झाल्या. सर्वांत मोठा वाटा केंद्रातील सत्ताधारी भारतीय जनता पक्षाचा निघाला. पण निरनिराळ्या राज्यांत सत्तेवर असलेले पक्षही रिकाम्या हाताने बसले नव्हते. पैसा मतांकडे पाहत नाही, सत्तेच्या खुर्चीकडे पाहतो, हे त्या याद्यांनी सिद्ध केले.

येथे आमचे व्यापारी मित्र एक आक्षेप घेतील आणि तो पोकळ नाही. ते म्हणतील, ‘नावे उघड झाली की ज्याला दिले नाही तो आमच्यावर डूख धरील, गुप्तता हेच आमचे चिलखत.’ भीती खरी आहे. पण चिलखताचा उपयोग कोणास झाला? मागणारा पुढारी दात्यास ओळखतोच. न देणाऱ्यासही ओळखतो. अंधारात राहतो तो केवळ मतदार. उलट नावे व रकमा चव्हाट्यावर आल्या, तर वर्गणीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्यासच पहिली लाज वाटेल. शिवाय दिलेला पैसा फुकट जातो असे कोणता हिशेबी मनुष्य मानतो? तो रस्त्याच्या ठेक्यातून, बाजाराच्या गाळ्यातून व्याजासह वसूल होतो; आणि त्याची भरपाई जो कधी देणगी देत नाही, तो खेड्यातला कापूसकरी करतो.

आणि केवळ दात्यांस दोष देऊन आम्ही मतदार सुटत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री जो पाकीट घेतो, तो पाच वर्षांचा जाब विचारण्याचा हक्क त्याच रात्री विकून टाकतो.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. उमेदवाराप्रमाणे पक्षाच्या खर्चासही मर्यादा असावी. वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव जाहीर न करण्याची सवलत काढून प्रत्येक देणगी नावानिशी नोंदवावी. आणि ही नोंद मतदान होऊन गेल्यावर नव्हे, मतदानापूर्वी लोकांपुढे यावी. कापसाचा भाव विक्रीनंतर कळला, तर त्याचा शेतकऱ्यास काय उपयोग?

कायदे दिल्लीत होतील तेव्हा होवोत. पण एक काम अमरावती व अकोल्यासच करता येण्याजोगे आहे. लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवारास निकालानंतर तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे एक रुपया शुल्क भरून तो कोणाही नागरिकास पाहता येतो. ज्या व्यापाऱ्यास मंडपाचा, मोटारीच्या भाड्याचा आणि जेवणावळीचा बाजारभाव तोंडपाठ आहे, त्याच्यासारखा तपासनीस दुसरा कोण मिळणार? शहरातील पाच-दहा जाणत्या गृहस्थांनी पुढील निवडणुकीनंतर एकत्र जमून हे कागद वाचावेत, आपण डोळ्यांनी पाहिलेल्या खर्चाशी ताडावेत आणि फरक दिसेल तेथे लेखी तक्रार करावी. कापसाचा काटा लबाड आहे असे दिसताच जो समाज गप्प बसत नाही, त्याने राज्याच्या काट्यापुढे गप्प बसू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.