हाताला कुत्र्याचे शरीर काय सांगते?

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कळंबच्या परिसरात कुत्रे बहुधा राखणीसाठीच असते. वस्तीवर, उसाच्या कडेला, नाहीतर मेंढरांच्या मागे त्याचे आयुष्य जाते. म्हातारपणी ते मागचे पाय ओढू लागले, की ‘थकलं आता’ एवढेच म्हटले जाते. आषाढी वारीत आमच्या तालुक्यातून जाणाऱ्या वारकऱ्यांचे पाय मात्र सेवा म्हणून चेपले जातात. चोळण्याने माणसाला उतार पडतो, तर कुत्र्याच्या शरीरात नेमके काय घडते, हे मला समजून घ्यावेसे वाटले.

पहिला समज दूर करावा लागतो तो पाय हलवण्याचा. बरगडीपाशी खाजवले की कुत्रे मागचा पाय झपझप हलवते आणि आपण म्हणतो, किती खूश झाले! ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या हालचालीचे सविस्तर विवेचन केले आहे. मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तुटलेला असतानाही ती घडते. म्हणजे ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. आनंदाचा पुरावा नव्हे. माशी बसली की म्हशीचे कातडे थरथरते. कुत्र्याच्या पाठीची थरथरही तशीच आपोआप होते.

खरे उत्तर हृदयाकडून मिळते. पाव्हलॉव्ह यांच्याकडे काम केलेले अमेरिकन शास्त्रज्ञ हॉर्सली गँट यांनी कुरवाळताना कुत्र्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, अशी नोंद केली. या परिणामाला त्यांनी ‘माणसाचा प्रभाव’ असे नाव दिले. निवांत, निरोगी कुत्र्याची नाडी मुळात एकसारखी चालत नाही. श्वास घेताना ती जलद होते, सोडताना संथ. विश्रांतीच्या वेळी व्हेगस मज्जातंतूचा अंमल वाढतो, त्याची ही खूण. धास्तावलेल्या कुत्र्याची नाडी जलद आणि एकसुरी होते. मांडीच्या आतल्या बाजूला बोटे टेकवली, की हा फरक कोणालाही जाणवतो.

दक्षिण आफ्रिकेतील ओडेन्डाल आणि माइंटजेस यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कुरवाळल्यावर माणूस आणि कुत्रा दोघांच्याही रक्तात ऑक्सिटोसिन व बीटा-एंडॉर्फिन वाढलेले आढळले. ताणाशी संबंधित कॉर्टिसोल मात्र माणसांत स्पष्टपणे उतरले, कुत्र्यांत तसे नाही. आपल्याला बरे वाटले म्हणजे त्यालाही तितकेच बरे वाटले, असे धरून चालता येत नाही.

स्नायूंची गोष्ट आणखी वेगळी. कुत्र्याचे पुढचे पाय धडाला हाडांच्या सांध्याने नव्हे, तर केवळ स्नायूंनी जोडलेले असतात. उभे असताना सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. कमरेचा सांधा दुखू लागला की ते आणखी पुढे झुकते. त्यामुळे दुखणे मागे असते आणि मान-खांदे दगडासारखे होतात. तिथे तळहाताने संथ, हलका दाब दिला की स्नायू सैलावतात. झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही. पण आखडलेल्या अंगाला तेवढा आराम मिळतो.

हा आराम ओळखायचा कसा? श्वास खोल होतो, जबडा सुटतो, पापण्या जड होतात, अंग हातावर रेलते. उलट ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, श्वास रोखून ताठ होणे, या नकाराच्या खुणा आहेत. विशेषतः निश्चल राहणे फसवे असते. आपण म्हणतो, ‘बघा कसं गप बसलंय’. ते मात्र चावण्याच्या आधीचे शेवटचे थांबणे असू शकते. रेबीजच्या देशात हा फरक न कळणे परवडणारे नाही.

म्हणून मी दोन-चार वेळा हात फिरवून थांबतो. कुत्रे जवळ सरकले तर पुढे, दूर झाले तर पुरे. तेल लावत नाही. ते चाटून टाकते. ताप, जखम, सूज, गाठ किंवा मोडलेले हाड असेल तर चोळणे नाहीच. गाठायचा तो पशुवैद्य.

मालिशीचा सर्वांत मोठा उपयोग मला इथेच दिसतो. राखणीचे कुत्रे दुखणे बोलून दाखवत नाही. पुष्कळदा कण्हतही नाही. रोज त्याच अंगावरून फिरणाऱ्या हाताला मात्र कालपर्यंत नसलेला ताठरपणा, नवी गाठ, आज अचानक मागे घेतलेला पाय लगेच कळतो. ‘थकलं आता’ म्हणून ज्याला सोडून दिले जाते, त्याला पुष्कळदा उपचार होण्याजोगे दुखणे असते.