तबकडी ऐकून घडलेले कुमार गंधर्व

गुरूच्या आधी ग्रामोफोन भेटला, असे गायक म्हणजे कुमार गंधर्व! जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी. त्या काळच्या ७८ आरपीएमच्या ग्रामोफोन तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात अख्खा राग बसवलेला. लहानगा शिवपुत्र (हे कुमारजींचं मूळ नाव) अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या दिग्गजांचं हे गाणं ताना-हरकतींसकट हुबेहूब म्हणून दाखवायचा. त्यावर मैफलीही गाजवल्या.

पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांची तालीम मिळाली आणि नक्कल मागे पडली. क्षयाच्या आजारपणात देवासला माळव्याची लोकगीतं कानावर पडली, त्यातून स्वतःची वाट सापडली.

धाराशिवकर रसिकहो, आधी खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐका, मग कुमारजींची निर्गुणी भजनं लावा. कुठला तुकडा जास्त भावला, कमेंटमध्ये सांगा!

#कुमार_गंधर्व #ग्रामोफोन